लॉट नंबर नसलेलं काडतूस

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली

विषय : सदोष काडतुसांमुळे परवान्याच्या शस्त्रांचं होणारं नुकसान आणि अशी काडतुसं बाजारातून परत मागवण्याबाबत



ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या प्राधिकरणानं एक आदेश काढला होता. ॲमेझॉनवरून विकले गेलेले २,२६५ प्रेशर कुकर ठरवून दिलेल्या मानकात बसत नव्हते. ते परत घ्या, ग्राहकांचे पैसे द्या आणि वर एक लाख रुपये दंड भरा, असा तो आदेश. पेपरात वाचलं तेव्हा बरं वाटलं. कुकर कोणाच्या तोंडावर फुटण्याची वाट न बघता सरकारचं एखादं कार्यालय आधी हलतं, हे आमच्याकडे रोज दिसणारं दृश्य नाही.

घरातला कुकर चौरस इंचाला साधारण १५ पौंड दाबावर शिट्टी देतो. माझा प्रश्न ज्या भांड्याचा आहे त्यात हाच दाब १५ हजार पौंडांपर्यंत जातो. .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस म्हणतोय मी. ते भांडं माणसाच्या हातात, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतं, आणि त्यात बिघाड निघाला तर कुठे जायचं हे ते विकत घेणाऱ्याला कोणी सांगत नाही.

मी वालूरचा, तालुका सेलू, जिल्हा परभणी. हे गाव बाहेरच्यांना ठाऊक असलंच तर चक्रव्यूहासारख्या फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांच्या बारवेमुळे. मी लष्करात आर्मोरर होतो. हत्यारं उघडायची, तपासायची, साफ करायची, मोडली तर जुळवायची, हीच नोकरी. निवृत्त होऊन गावी आलो तसे आसपासचे परवानाधारक येऊ लागले. त्यांत बँकेचे आणि कॅश व्हॅनचे गार्ड आहेत, दोन-चार व्यापारी आहेत, रानडुकरं आणि रोही पिकात घुसतात म्हणून बारा बोअरचा परवाना काढलेले शेतकरी आहेत, आणि कमरेला काही लटकवल्याशिवाय बाहेर न पडणारे एक-दोन पुढारीही आहेत. मी दुरुस्ती करत नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दुरुस्ती हा गुन्हा आहे आणि या वयात मला कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. हत्यार मालकाच्याच हातात राहू देतो, बघतो, काय झालं असावं ते सांगतो आणि परवाना असलेल्या दुकानदाराकडे धाडतो.

गेल्या वर्षी असाच एक गार्ड आला. एजन्सीत नोकरी, स्वतःच्या परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर. एजन्सीनं सगळ्यांना सरावाला नेलं होतं. ओसरीवर पेपर अंथरला, त्याला सिलिंडर उघडायला लावला, सहाही खण रिकामे असल्याची खात्री केली आणि मागच्या बाजूनं पांढरा कागद धरून नळीत पाहिलं. चांगली नळी आतून लख्ख दिसते, आट्यांच्या रेषा पिळासारख्या शेवटपर्यंत जातात. या नळीत त्या रेषा अर्ध्यावर एका काळसर कड्यापाशी तुटत होत्या आणि पुढे पुन्हा सुरू होत होत्या. बाहेरून डोळ्याला काही दिसत नव्हतं. नळीवरून बोट फिरवलं तेव्हा त्याच जागी पुसटसा फुगवटा लागला.

“काका, तिसरा बार फुसका निघाला बगा. नुसतं फट्ट झालं. मला वाटलं, गेलं काडतूस वाया. म्या पुन्यांदा चाप दाबला.”

काय झालं ते यातच आलं. काडतुसात चार वस्तू असतात : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. दारू भरायची राहिली किंवा ओली निघाली, तर एकट्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरते खरी, पण बाहेर पडत नाही. अर्ध्यात रुतून बसते. पिस्तुलात अशा वेळी पुष्कळदा पुढचं काडतूस आपोआप चढत नाही, त्यामुळे माणूस थबकतो. रिव्हॉल्व्हरला ती सोय नाही. चाप ओढला की सिलिंडर फिरतो आणि ताजं काडतूस रुतलेल्या गोळीच्या मागे येऊन उभं राहतं. ते उडालं की मागची गोळी पुढच्या गोळीवर जाऊन धडकते, त्या क्षणापुरता वायूला पुढे वाट मिळत नाही आणि तो नळीलाच बाहेर रेटतो. पोलाद चिवट असलं तर कडं पडून निभावतं. नसलं तर नळी फाटते. या पोराची बोटं शाबूत राहिली.

मग मी त्याला विचारत गेलो. त्या बाराची पुंगळी कुठे? एजन्सीनं हिशेबाला ठेवून घेतली, सगळ्यांच्या पुंगळ्या एकाच डब्यात. उरलेली काडतुसं? सरावात संपली. खोकं? खोकं नव्हतंच. दुकानदारानं मोठ्या खोक्यातून दहा नग काढून कागदात बांधून दिले होते. पावती होती. तिच्यावर परवाना क्रमांक, बोअर आणि नग, एवढंच. लॉट क्रमांक, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक, त्याचा पत्ता नाही. बुडावरच्या शिक्क्यावरून कारखाना कळला असता, पण डब्यात मिसळलेल्या पुंगळ्यांतून याची कोणती हे आता ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. त्यामुळे काडतूस अमक्याचं होतं असा आरोप मी कोणावरही करत नाही. करता येतच नाही, आणि माझं दुखणं नेमकं तेच आहे. लाखाच्या घरातलं हत्यार निकामी झालं, त्याची कमाई त्या हत्यारावर, आणि तक्रार कोणाविरुद्ध लिहायची हेच त्याला ठाऊक नाही.

दोष दरवेळी काडतुसाचा असतो असं मी म्हणणार नाही. माझ्यासमोर येणाऱ्या हत्यारांत मालकाच्या हलगर्जीपणानं बिघडलेलीच जास्त. लोक काडतुसांना तेल लावून ठेवतात, गंजू नयेत म्हणून. ते तेल टोपीच्या फटीतून आत झिरपतं आणि काडतूस मरतं. .३२ नावाची दोन वेगळी काडतुसं बाजारात आहेत, एक रिव्हॉल्व्हरचं आणि एक पिस्तुलाचं. पिस्तुलाचं आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या खणात निमूट बसतं, म्हणून काही बहाद्दर तेच भरतात. त्याचा दाब वीस हजार पौंडांच्या वर जातो. निवडणुकांचं आणखी वेगळं. २०२४ साली लोकसभेचं मतदान आमच्याकडे २६ एप्रिलला झालं आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला. दोन्ही वेळा ज्यांना शस्त्रं जमा करायला सांगितलं होतं, त्यांची हत्यारं आठवडेच्या आठवडे पोलीस ठाण्याच्या खोलीत पडून होती. परत आल्यावर नळीत गंज दिसला तर त्याचं खापर काडतुसांवर फोडून चालणार नाही.

साठवणुकीचा एक किस्सा तर आपल्याच मुलखातला आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात पावसाळा आला की फौजेची पितळी काडतुसं न वापरताच तडकायची. मोसमात तडकतात एवढंच लोकांना कळत होतं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी १९२१ साली कारण मांडलं. काडतुसं घोड्यांच्या पागांजवळ साठवलेली असत. घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया, त्यात दमट हवा, आणि पुंगळी ओढून बनवताना पितळात राहून गेलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ चिरायचं. वालुरात घोडे उरले नाहीत, पण गोठे आहेत आणि युरियाची पोती आहेत. गोठ्याच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत काडतुसं ठेवणारी माणसं मला ठाऊक आहेत. अशी तडकलेली पुंगळी उडाली की वायू बुडाकडून मागे येतो, म्हणजे सरळ तोंडाकडे.

हे सगळं आधी सांगितलं, कारण कारखानदार हेच सांगणार. लष्कराच्या बाबतीत हा वाद होऊन गेला आहे. सप्टेंबर २०२० मध्ये लष्कराच्या एका अंतर्गत अहवालाच्या बातम्या आल्या. २०१४ पासूनच्या काळात आयुध निर्माणी मंडळाकडून आलेला सुमारे ९६० कोटींचा दारूगोळा वाया गेला, एवढ्या पैशात शंभर तोफा आल्या असत्या, असं त्यात म्हटलं होतं. सदोष मालामुळे २७ जीव गेल्याचा आकडाही त्यात होता. मंडळानं हे मान्य केलं नाही. तोफेची देखभाल, हाताळणी, कवायतीतल्या चुका हीही अपघातांची कारणं आहेत, असं उत्तर आलं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असू शकतं. त्या ९६० कोटींतले तीनशे कोटींवर सुरुंग महाराष्ट्रातल्या २०१६ च्या दुर्घटनेनंतर मुदतीआधीच नष्ट केलेले होते. ३१ मे २०१६ ची पुलगावच्या दारूगोळा भांडाराची ती आग आमच्या राज्यात कोण विसरलं असेल? पुढे १ ऑक्टोबर २०२१ ला मंडळ मोडलं, सात कंपन्या झाल्या, दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया लिमिटेड पुण्यात आली.

पण फौजेत एक गोष्ट होते. काही फुटलं की त्या लॉटचा वापर तिथल्या तिथे थांबतो, चौकशी बसते, लॉटचा क्रमांक वरपर्यंत जातो. मी स्वतः असे लॉट बाजूला काढून ठेवले आहेत. पोलिसांतही निदान गवगवा होतो. २१ ऑगस्ट २०१९ ला बिहारमध्ये सुपौल जिल्ह्यात माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. सलामीला २२ रायफली उचलल्या गेल्या आणि एकही वाजली नाही. मुख्यमंत्री समोर, कॅमेरे समोर, मग चौकशी होणं भागच होतं. सेलू-मानवतकडच्या गार्डचं काडतूस फसतं तेव्हा कॅमेरा नसतो. परवानाधारक तर उलट गप्पच बसतो. तक्रार केली की पहिला प्रश्न येणार, बार काढला कुठे आणि कशासाठी? परवान्याच्या नूतनीकरणात खोडा बसेल ही भीती वेगळीच. लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्यानं तक्रार करूच नये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि व्हावीच. पण सराव करणाऱ्या गार्डानं किंवा रानडुकराला हुसकावणाऱ्या शेतकऱ्यानं का घाबरावं?

कारखानदारांच्या बाजूची एक गोष्ट मी आपणहून मांडतो. काडतुसाची खरी परीक्षा एकदाच होते आणि त्या परीक्षेत ते खर्ची पडतं. प्रत्येक नग उडवून बघितला तर विकायला पुंगळ्याच उरतील. म्हणून लॉटमधले थोडे नग उडवतात, बाकीच्यांचं वजन, माप आणि डोळ्यांनी होईल ती तपासणी. दारू भरणारं यंत्र लाखात एकदा चुकलं तर तो एक नग नमुन्यात सापडेलच असं नाही. जगातला कोणताही कारखाना याला अपवाद नाही. त्यामुळे एखादं काडतूस फसलं, यात मला कारखान्याची बेअब्रू वाटत नाही. तो लॉट ओळखून परत घ्यायची सोय न ठेवणं ही मात्र बेअब्रू आहे. अमेरिकेत खासगी कंपन्यासुद्धा लॉट क्रमांक जाहीर करून, वापरू नका, आमच्या खर्चानं परत पाठवा, अशा नोटिसा काढतात. युरोपात तर १९१४ पासून सी.आय.पी. नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या सदस्य देशांत हत्यारांच्या नळ्यांची चाचणी होतेच, शिवाय काडतुसांच्या प्रत्येक लॉटची तपासणी होऊन खोक्यावर शिक्का बसतो. हत्यारांची चाचणी करणारं बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस तर १८१३ पासून आहे. भारत सी.आय.पी.चा सदस्य नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, म्हणजे काडतुसं बनवण्यात आपण काही कालचे नाही. विकलेल्या काडतुसाचा माग ठेवण्यात मात्र अजून श्रीगणेशा व्हायचा आहे.

आता कायद्याकडे येतो. वकिलाचं काम करायची मला हौस नाही, पण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा मराठीतून वाचून काढला. उत्पादनामुळे होणाऱ्या हानीच्या व्याख्येत त्या उत्पादनाचं स्वतःचं नुकसान धरलेलं नाही, मालकाच्या इतर मालमत्तेचं धरलेलं आहे. म्हणजे काडतूस फसलं, वाया गेलं, तर ती उत्पादनाची हानी होत नाही. त्या काडतुसानं रिव्हॉल्व्हरची नळी फुगवली तर ती होते. बोट गेलं तर होतेच. जिल्हा आयोगाकडे माणूस राहतो तिथूनच तक्रार करता येते, वालूरच्या माणसाला परभणी पुरे, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी फी नाही. दोष उघड्या डोळ्यांनी कळत नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. इथवर सगळं छान आहे. पण नमुना कुठला पाठवणार? उडालेलं काडतूस परत उडत नाही. त्याच लॉटचे न उडालेले नग हवेत, आणि लॉट कोणता हे पावतीवर नाही. प्रयोगशाळा तरी कोणती? कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत गोळ्या आणि हत्यारं तपासणारा विभाग आहे, पण त्याच्यासमोर खुनाच्या प्रकरणांची रांग आहे. एका गार्डच्या फुगलेल्या नळीला तिथे कोण विचारणार?

म्हणून हे पत्र जिल्हा आयोगाला न लिहिता आपल्याला लिहितो आहे. कलम २० नं धोकादायक माल बाजारातून परत मागवण्याचा अधिकार आपल्या प्राधिकरणाला दिला आहे. आपलं कार्यालय कदाचित म्हणेल, शस्त्रं गृह मंत्रालयाकडे, कारखाने संरक्षण उत्पादन विभागाकडे, आमचा संबंध काय? तसं असेल तर त्याच कायद्यात लिहिलं आहे की विषय दुसऱ्या नियामकाचा असेल तर तो अहवालासह त्याच्याकडे सोपवावा. मला एवढंच सांगा, सामान्य माणसाला विकल्या जाणाऱ्या काडतुसाच्या दर्जाचा नियामक भारतात कोण? कोणाला ग्राहकाची दारं उघडी आहेत? कानपूरला फेब्रुवारी २०२४ मध्ये अदानींचा दारूगोळ्याचा मोठा कारखाना सुरू झाला. या धंद्यात सरकारी कारखान्यांच्या जोडीला खासगी माणसं येत आहेत, उद्या आणखी येतील. आज घडी बसवली तर सगळ्यांना लागू होईल.

माझ्या मते ही घडी बसवणं कुकरपेक्षा सोपं आहे. कुकर कोणी घेतला, कुठे दिला, भंगारात गेला की भाचीच्या रुखवतात, कोणाला कळणार? काडतूस घेणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव, पत्ता, परवाना, बोअर आणि वर्षाला किती नग, सगळं सरकारदरबारी लिहिलेलं आहे. प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदणीचा युनिक क्रमांक आहे. एखादा लॉट खराब निघाला तर तो घेतलेल्या माणसांना एका दिवसात गाठता यावं, इतकी पक्की ग्राहकयादी देशात दुसऱ्या कोणत्या मालाची असेल असं वाटत नाही. ही यादी आज माणसावर नजर ठेवायला वापरतात, ते ठीकच आहे. तिचा उपयोग त्याचा हात वाचवायलाही व्हावा.

त्यासाठी लागतं एकच. दुकानदारानं काडतूस विकताना कारखान्याचं नाव आणि लॉट क्रमांक पावतीवर आणि परवान्याच्या नोंदीत लिहिलाच पाहिजे. सुटे नग विकायचे असतील तर खोक्यावरच्या चिठ्ठीची प्रत सोबत द्यायला हवी. नग मोजून लिहिता, तर शेजारी आणखी एक आकडा लिहायला कितीसा वेळ लागतो? त्यानंतरचं आपलं काम : तक्रार आली की तो लॉट तपासायचा, खराब निघाला तर क्रमांक मराठीसकट सगळ्या भाषांतल्या पेपरांत छापायचा, परवानाधारकांना मोबाइलवर कळवायचा, आणि नग परत घेताना दुकानदारानं परवान्यावरची नोंद वळती करून द्यायची, म्हणजे माणूस उरलेल्या काडतुसांच्या हिशेबात अडकणार नाही. हत्याराची भरपाई ज्याच्या लॉटमध्ये दोष सापडला त्यानं करायची. आणि तक्रार केली म्हणून कोणाचा परवाना अडणार नाही, एवढं एका परिपत्रकात लिहून जिल्ह्याजिल्ह्याला धाडायचं.

शस्त्रं वाढावीत म्हणून मी हे लिहीत नाही. आयुष्य हत्यारांत घालवल्यावर त्यांचं कौतुक उरत नाही. परवाने कमी द्या, माझी हरकत नाही. पण दिलेत त्यांच्या हातात जे देता ते धड असू द्या.

हे पत्र परवानाधारकही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी चार ओळी. चाप ओढला आणि काही झालं नाही, किंवा आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, झटका कमी बसला, तर तिथेच थांबा. बोट चापावरून काढा. नळी सुरक्षित दिशेला तशीच धरा आणि किमान अर्धं मिनिट जाऊ द्या, मी एक मिनिट सांगतो. काडतूस कधीकधी उशिरा पेटतं. रिव्हॉल्व्हरवाल्यांनी तर दुसऱ्यांदा चाप ओढून सिलिंडर मुळीच फिरवू नये, कारण उशिरा पेटणारं काडतूस बाजूच्या खणात सरकलं तर त्याच्या समोर नळी नसते, हत्याराची चौकट असते. मग सिलिंडर उघडा. उघडत नसेल तर गोळी अर्धी सिलिंडरमध्ये आणि अर्धी नळीत अडकलेली असू शकते, जोर करू नका. उघडला तर सगळी काडतुसं काढून घ्या आणि मागून नळीत पाहा. उजेड दिसला नाही, तर त्या दिवशीचं काम संपलं. गज घालून ठोकू नका, ते परवाना असलेल्या कारागिराचं काम आहे.

पुंगळी फेकू नका, वेगळ्या पुडीत ठेवा. नळी साफ करू नका. न जळलेल्या दारूचे दाणे आत सांडलेले असतील तर दारू होती पण पेटली नाही, नुसती काजळी असेल तर दारू नव्हतीच, हे त्यावरूनच कळतं. उलट झालं असेल, म्हणजे आवाज फार मोठा, पुंगळी खणात घट्ट बसलेली, टोपी चपटी होऊन बुडाशी सपाट झालेली, तर दाब जास्त झाला होता. तेव्हा सिलिंडरच्या बाहेरच्या खाचांकडे नीट बघा. तिथे पोलाद सगळ्यात पातळ असतं आणि चीर पडली तर तिथूनच पडते. मोबाइलवर फोटो काढा, खोक्याचे आणि बुडावरच्या शिक्क्याचेही. उरलेली काडतुसं वापरू नका, फेकू नका, ती तुमचे साक्षीदार आहेत. दुकानदाराला तोंडी न सांगता लेखी कळवा आणि पोच घ्या. पोलीस ठाण्यातही एक अर्ज टाकून ठेवा. आणि पुढच्या खेपेला दुकानातून निघण्याआधी पावतीवर लॉट क्रमांक लिहून मागा. नाही म्हणाला तर खोक्याचा फोटो काढा, तो काढायला कोणाची परवानगी लागत नाही.

त्या गार्डचं रिव्हॉल्व्हर परवानाधारक दुकानदाराकडे जमा आहे. नळी बदलावी लागणार, खर्च त्याचाच. तोवर एजन्सीनं त्याला बिनहत्याराच्या ड्यूटीवर टाकलं आहे आणि त्या ड्यूटीचा पगार कमी आहे. त्याच्यासाठी मी काही मागत नाही, कारण पुरावा नाही हे मला मान्य आहे.

आपल्या कायद्याच्या कलम १६ नुसार ग्राहकांच्या हक्कांबाबतच्या तक्रारींची चौकशी जिल्हाधिकारी करू शकतात आणि आपल्याला अहवाल पाठवू शकतात. आमच्याकडे शस्त्र परवाने देणारेही जिल्हाधिकारीच. दोन्ही फायली एकाच इमारतीत आहेत. म्हणून या पत्राची एक प्रत परभणीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात देत आहे. जिल्ह्यातल्या दुकानदारांच्या विक्री-नोंदवहीत लॉट क्रमांकाचा रकाना आहे का आणि असला तर तो भरला जातो का, एवढीच माहिती पहिल्या टप्प्यात मागवावी, अशी विनंती त्यात केली आहे. पोच मिळाली की तिचा आवक क्रमांक आपल्याला कळवीन. उत्तर मराठीत आलं तर गावात वाचून दाखवता येईल.

आपला,
एक निवृत्त आर्मोरर
वालूर, ता. सेलू, जि. परभणी